चष्म्यावर वाफ धरते? आधी बोट फिरवून बघा, आतून की बाहेरून

जुलैतली सकाळ, सव्वानऊची वेळ. दादरला एसी लोकलचं दार उघडलं, मी फलाटावर पाय ठेवला आणि चष्म्याच्या दोन्ही काचा पांढऱ्याफटक झाल्या. माझा नंबर उणे साडेसहा. चष्मा ठेवला तर वाफ, काढला तर समोरचं सगळं विरघळलेलं. मागून गर्दीचा रेटा आणि पुढे पुलाचा जिना. पहिली पायरी पायाने चाचपडून घेतली, दुसरी चुकली. शेजारच्या एका बाईंनी दंडाला धरलं म्हणून गुडघ्यावर निभावलं. "अहो ताई, आधी कडेला उभ्या राहा, मग चढा," त्या म्हणाल्या आणि गर्दीत निघूनही गेल्या.

तेव्हापासून दोन पावसाळे मी या एकाच प्रश्नाच्या मागे लागले आहे. लोक जो उपाय सांगतील तो करून पाहिला. काही लागू पडले, काहींनी एक चांगली काच खराब केली. त्यातून एक गोष्ट पक्की समजली. वाफ धरण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि एका कारणाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. मास्कचा उपाय एसीला लागू होत नाही, एसीचा उपाय हेल्मेटला लागू होत नाही. त्यामुळे साबण, स्प्रे, कापड यांच्याकडे वळायच्या आधी आपली वाफ कुठली आहे ते ओळखायला हवं.

ओळखायची रीत मला एका टॅक्सीवाल्या काकांनी नकळत शिकवली. पाऊस कोसळत होता, गाडीत एसी चालू होता आणि समोरची काच धुरकट झाली. मला वाटलं ते फडकं घेऊन आतून पुसतील. त्यांनी आधी काचेवर आतून एक बोट ओढलं. रेघ उमटली नाही. मग त्यांनी वायपर चालवला, काच लख्ख झाली, आणि त्यांनी एसीचा गार झोत काचेवरून खाली वळवला. वाफ बाहेरच्या बाजूला होती. आत हवा कोरडी आणि थंड, बाहेर दमट आणि उबदार, आणि मधे झोताने गार पडलेली काच. आतून कितीही पुसलं असतं तरी काही फरक पडला नसता.

चष्म्याचंही तेच करा. वाफ धरली की न पुसता काचेच्या आतल्या बाजूला, डोळ्याकडच्या बाजूला, कडेला बोटाची एक छोटी रेघ ओढा. मग बाहेरच्या बाजूला एक. फक्त आत रेघ उमटली तर वाफ तुमच्या श्वासाची किंवा घामाची आहे. म्हणजे मास्क, हेल्मेट किंवा चष्म्याची बसण. फक्त बाहेर उमटली तर समोरून वाफ आली आहे, बहुतेक स्वयंपाकघरात. दोन्हीकडे उमटली तर काचच गार आहे आणि तुम्ही गार जागेतून दमट हवेत आला आहात. आणि रेघ कुठेच उमटली नाही, तरी धूसर दिसतंय, तर ती वाफच नाही. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे. ते जरूर वाचा.

दोन्हीकडून वाफ: एसीतून बाहेर आल्यावर

मुंबईत सर्वांत जास्त छळणारा प्रकार हाच, म्हणून इथे जरा सविस्तर.

फ्रिजमधून बाटली काढून ओट्यावर ठेवली की तिला घाम फुटतो. पाणी बाटलीच्या आतून झिरपत नाही, ते हवेतलं असतं. हवा जितकी गार तितकी तिच्यात वाफ कमी मावते, आणि ठरावीक तापमानाच्या खाली गेली की जास्तीची वाफ पाणी होऊन जवळच्या पृष्ठभागावर बसते. त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. शाळेत पाठ केलेला हा शब्द मला दादरच्या जिन्यावर पहिल्यांदा उपयोगी पडला.

पावसाळ्यात मुंबईची हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असणं अगदी नेहमीचं. अशा हवेचा दवबिंदू येतो साधारण २६ अंश. म्हणजे २६ अंशांपेक्षा गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर ती हवा पाणी सोडणार. आता एसीकडे बघा. भारतात १ जानेवारी २०२० पासून घरगुती एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात, वीज वाचावी म्हणून तसा नियम आहे. आपण त्याच्याही खाली नेतो, २२, २०. त्या खोलीत तासभर बसलेल्या चष्म्याची काच २६ च्या खालीच असते. बाहेर पडलात की वाफ धरणारच.

जानेवारीत मात्र तीच गाडी, तोच डबा, तसाच एसी, आणि काचेवर टिपूसही नाही. दुपारची हवा ३० अंशच असली तरी आर्द्रता ४० टक्के असेल तर दवबिंदू १५ च्या आसपास येतो. तुमची काच २२ अंशांची असली तरी त्याच्या बरीच वर आहे. म्हणून "थंडीत चष्म्यावर धुकं येतं" हे वाक्य मुंबईला लागू नाही. आपल्याकडे ते जूनमध्ये येतं आणि ऑक्टोबरात जातं.

यातून उपायाची दिशा ठरते. बाहेरची हवा आपल्या हातात नाही. काचेचं तापमान २६ च्या वर नेणं मात्र हातात आहे. म्हणूनच पुसण्याचा उपयोग होत नाही: पुसलं तरी काच गारच राहते, दोन सेकंदांत पुन्हा वाफ. उलट ओढणीने किंवा पदराने कोरडं पुसलं की त्यावरची धूळ काचेवर घासली जाते. मी पहिल्या पावसाळ्यात दादरच्या फलाटावर रोज तीन-तीनदा पुसायचे. दिवाळीपर्यंत दोन्ही काचांच्या मध्यावर बारीक गोल ओरखड्यांचं जाळं झालं होतं.

मी आता काय करते ते सांगते. मी बोरिवलीला चढते, फास्ट गाडी. एसी लोकल देशात पहिल्यांदा धावली ती याच मार्गावर, २५ डिसेंबर २०१७ ला बोरिवलीहून चर्चगेटकडे. वांद्रे गेलं की पुढचा थांबा दादर, मधे काही मिनिटं हाताशी असतात. बसायला जागा असेल तर तेवढ्यात चष्मा काढते, चष्म्याच्या मऊ कापडात गुंडाळते आणि दोन्ही तळव्यांमध्ये धरून ठेवते. तळहाताची ऊब दवबिंदूपेक्षा बरीच जास्त असते आणि आजच्या प्लास्टिकच्या काचा पातळ, चटकन उबदार होतात. माहीम आलं की चष्मा डोळ्यांवर, मगच उठायचं. उठल्यावर किंवा चालत्या गाडीत उभं असताना हा प्रकार अजिबात करू नका, विशेषतः नंबर मोठा असेल तर. खिशात नुसता ठेवून मात्र तितका फरक पडत नाही, आणि चष्म्याच्या घरात ठेवला तर उलट गारवा टिकून राहतो.

जागा नसेल तर उतरल्यावर घाई करायची नाही. फलाटावर खांबाच्या आडोशाला एक मिनिट उभं राहायचं, चष्म्याला हात लावायचा नाही. काच उबदार झाली की वाफ कडेकडून आपोआप विरते. जिना त्यानंतर. मला आठवण करून द्यायला आता कुणी लागत नाही, पण ज्यांच्या घरी चष्मेवाले सासूसासरे, आईवडील एसी लोकलने किंवा एसी बसने जातात, त्यांना हे एक वाक्य जरूर सांगा: उतरल्यावर आधी थांबा. पावसाळ्यात ओल्या पायऱ्यांवर पांढऱ्या काचांनी चढणं-उतरणं ही खरी जोखीम आहे.

घरातही एक छोटी गोष्ट. रात्री एसी लावून झोपत असाल तर चष्मा उशाशी ठेवू नका. बाहेरच्या खोलीत, शोकेसवर, जिथे एसी पोचत नाही तिथे ठेवा. सकाळी बेडरूममधून थेट स्वयंपाकघरात गेल्यावर जी वाफ येते ती बंद होते. ज्यांना चष्म्याशिवाय रात्री उठता येत नाही त्यांनी एसी २७ वर ठेवून पंखा चालवून बघावा. काच दवबिंदूच्या वर राहते, आणि झोपही बिघडत नाही.

साबणाचा उपाय, आणि तो कुठे फसतो

आता तुम्ही विचाराल की काच गार असूनही वाफ दिसणार नाही असं काही करता येतं का. येतं. पाणी काचेवर बसतं ते असंख्य सूक्ष्म थेंबांच्या रूपाने, आणि प्रत्येक थेंब उजेड वेडावाकडा फोडतो, म्हणून पांढरं दिसतं. तेच पाणी थेंब न होता सपाट पसरलं तर त्यातून आरपार दिसतं. साबण नेमकं हेच करतो: पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, थेंब उभा राहूच देत नाही. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर मास्कमुळे चष्म्यावर येणाऱ्या वाफेवर हाच उपाय करतात. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या नियतकालिकात २०११ साली त्यावर छोटासा लेखही आला होता: साबणाच्या पाण्याने काचा धुवा, पाणी झटका, हवेवर वाळू द्या. इतकंच.

मी हे आधी एकाच काचेवर करून पाहिलं. उजव्या काचेला साबण, डावी तशीच. पाच दिवस दादरला उतरून दोन्ही डोळे आळीपाळीने मिटून बघितलं. पहिल्या दिवशी डावी काच पांढरी झाली आणि उजवीतून फलाटावरच्या इंडिकेटरची अक्षरं वाचता येत होती. जरा लवलवती, पाण्याखालून पाहिल्यासारखी, पण "चर्चगेट" स्पष्ट. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी दोन्ही काचा सारख्याच पांढऱ्या. कारण आदल्या संध्याकाळी पावसात भिजले होते आणि सवयीने ओढणीने पुसलं होतं. साबणाचा थर पुसून गेला होता. तेव्हा कळलं की हा थर नाजूक असतो. पाऊस, घाम, रुमाल, यातल्या कशानेही जातो. मी आता रोज रात्री झोपायच्या आधी लावते, दात घासण्याइतकी सवय झाली आहे.

रीत अशी. हात आधी धुवा, हातावरचं क्रीम किंवा तेल काचेवर गेलं तर सगळं व्यर्थ. चष्मा नळाच्या साध्या पाण्याखाली धरून धूळ वाहून जाऊ द्या. चोळू नका, नुसतं पाणी. भांडी घासायच्या पातळ लिक्विडचा एक थेंब बोटांच्या पेरांवर घ्या, काचेच्या दोन्ही बाजू, फ्रेमची खोबण आणि नोजपॅडच्या मागची जागा हलकेच चोळा. तिथे साठलेला मळ बघून दचकाल. पाण्याने स्वच्छ धुवा. मग पुन्हा अगदी किंचित फेस काचेवर फिरवा आणि या वेळी धुवू नका. झटका, उलटा करून टॉवेलवर पूर्ण वाळू द्या, आणि वाळल्यावर मऊ कापडाने एकदाच हलकं फिरवा. तिरकं धरून बघितल्यावर इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसले तर साबण जास्त झाला आहे, आणखी थोडं फिरवा. थर जाड ठेवू नका, घामाबरोबर डोळ्यात उतरला तर चुरचुरतं.

हातांना मऊ ठेवणारं, क्रीमयुक्त लिक्विड नको, त्याचा चिकट थर राहतो. लहान बाळाचा शाम्पूही चालतो. भांड्यांची वडी मात्र चुकूनही नको. तिच्यात भांडं घासायची पूड असते, ती काचही घासते.

आणि एक अडचण, जिच्यामुळे बरेच जण "साबणाने काही होत नाही" म्हणतात. माझ्या नवऱ्याच्या नव्या चष्म्यावर हाच उपाय अर्धाच चालला. थर तुटक तुटक, बेटांसारखा बसायचा. दादरलाच आमचे जुने चष्मेवाले काका आहेत, त्यांना दाखवला. त्यांनी काचेवर पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब मोत्यासारखा गोल राहिला आणि घरंगळून गेला. "हे बघा," ते म्हणाले, "अँटिग्लेअरच्या वर पाणी झटकणारा थर आहे. पावसाचे शिंतोडे, बोटाचे डाग यांना उत्तम. पण पाणी पसरू देत नाही, म्हणून वाफ जास्त दिसते, आणि साबणही त्याच्यावर धरत नाही." अशा काचेला साबण जास्त घासून काही मिळत नाही. तिथे काच उबदार करणं, थांबणं, आणि खाली सांगितलेली चष्म्याची बसण हेच मार्ग.

बाजारात वाफ न धरण्यासाठी स्प्रे आणि भिजवलेली कापडं मिळतात. साबणापेक्षा जास्त वेळ टिकतात. मी घेत नाही, कारण अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये अशा काही स्प्रे आणि कापडांची तपासणी केली तेव्हा त्यांत फ्लोरिनयुक्त, शरीरात आणि निसर्गात वर्षानुवर्षं टिकणाऱ्या रसायनांच्या गटातली द्रव्यं सापडली. रोज डोळ्यांपासून दोन बोटांवर, हाताने चोळून लावायची वस्तू म्हटल्यावर मला साबण बरा वाटतो.

टूथपेस्ट, खायचा सोडा, राख, व्हिनेगर, आरसे पुसायचा निळा स्प्रे, नेलपॉलिश रिमूव्हर: यांतलं काहीही चष्म्याला लावू नका. पहिले तीन घासतात, व्हिनेगर आणि निळा स्प्रे वरचे थर खातात, आणि रिमूव्हर पॉलिकार्बोनेटची काचच विरघळवतो. टूथपेस्टने मी स्वतः एक काच घालवली आहे. "सगळे लावतात" म्हणून लावली होती.

फक्त आतून: मास्क, हेल्मेट आणि चष्म्याची बसण

गेल्या वर्षी माझी आई हॉस्पिटलात होती आणि सोबत राहणाऱ्यांना आत मास्क सक्तीचा. तीन दिवस मी वाफेतून औषधांच्या चिठ्ठ्या वाचत होते. चौथ्या दिवशी तिथल्या एका नर्सताईंनी मास्क हातात घेतला, नाकावरची तार सरळ केली, मग आपल्या दोन्ही हातांच्या तर्जनींनी मधून बाहेरच्या दिशेने, नाकाच्या उतारावर घट्ट दाबत नेली. "चिमटीत पकडून मधोमध दाबू नका, तिथे खाच पडते आणि दोन्ही बाजूंनी श्वास वर जातो," त्या म्हणाल्या. एवढ्यानेच निम्मी वाफ गेली. मग चष्मा मास्कच्या वरच्या कडेवर टेकवायचा, म्हणजे त्याच्या वजनाने कड दबून राहते. तरीही राहिली तर मास्कच्या वरच्या कडेला आतून टिश्यूची अरुंद घडी, किंवा त्वचेला चालणारी वैद्यकीय चिकटपट्टी. श्वास वर जायची वाट बंद करणं एवढंच इथे करायचं आहे. साबण या जागी दुय्यम आहे, पण चालतो.

हेल्मेटमध्ये दोन वेगळ्या वाफा असतात, एक चष्म्यावर आणि एक समोरच्या काचेवर, आणि दोन्ही एकमेकींत मिसळून जातात. माझा भाऊ ठाण्याहून पवईला स्कूटरने जातो. त्याच्याकडून शिकलेलं: हनुवटीजवळचं हवेचं झाकण पावसातही उघडं ठेवा, समोरची काच पहिल्या खाचेवर, बोटभर उघडी ठेवा, आणि सिग्नलला थांबल्यावर पूर्ण वर करा. चालत्या गाडीत हवा फिरते, वाफ सिग्नललाच धरते. नाक झाकणारा आतला पडदा मिळतो, तो श्वास खाली वळवतो. मोठ्या पावसात हे सगळं करूनही कधी दिसेनासं होतं. तेव्हा एका हाताने पुसत पुढे जायचं नाही, गाडी कडेला घ्यायची, पुलाखाली किंवा पंपावर, आणि दोन मिनिटं थांबायचं. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर रात्री, ट्रकच्या दिव्यांसमोर, पांढऱ्या काचेने दहा सेकंद चालवणंही फार होतं.

ना मास्क, ना हेल्मेट, आणि तरी आतूनच वाफ धरते, नुसतं चालताना, जिना चढताना, तर चष्मा चेहऱ्याच्या फार जवळ बसतो आहे. गालाला आणि भुवयांना काच चिकटली की आतली हवा कोंडते, घामाची वाफ बाहेर जात नाही. आरशात बघा: हसल्यावर गाल फ्रेमला वर उचलतात का? पापण्या काचेला लागतात का, काचेवर आतून पापण्यांच्या रेघा उठतात का? मेटलच्या फ्रेमचे नोजपॅड चिमट्याने जरासे आत वळवले की काच एक-दोन मिलिमीटर पुढे येते. दुकानात दोन मिनिटांचं काम, आमचे चष्मेवाले काका याचे पैसे घेत नाहीत. घरी पक्कड लावू नका, पॅडची दांडी पटकन तुटते. जाड प्लास्टिकच्या फ्रेमला नाकाचा आधार घडीवच असतो, तो हलत नाही. तिथे नाकावर चिकटवायचे छोटे सिलिकॉनचे पॅड मिळतात. आपल्याकडे बऱ्याच जणांचं नाक डोळ्यांच्या मधे फार उंच नसतं, आणि दिसायला सुंदर पण बसायला चुकीची फ्रेम घेतली की आयुष्यभर गालावर टेकते.

फक्त बाहेरून: ओट्यापाशी

याला फार सांगण्यासारखं नाही. कुकरची, मोदकपात्राची वाफ शंभर अंशांच्या आसपासची, तिच्यासमोर कुठलीही काच गारच. उपाय अंतराचा आहे. झाकण उचलताना आपल्याकडची कड खाली ठेवून पलीकडची कड आधी उचला, वाफ भिंतीकडे जाते. गणपतीत उकडीचे मोदक काढताना हे मी माझ्या सासूबाईंकडून शिकले, आणि त्यांनी ते चष्म्यासाठी सांगितलं नव्हतं, तोंड भाजू नये म्हणून सांगितलं होतं. चष्मा पांढरा झाल्यावर गरम भांड्यात चिमटा घालू नका, एक पाऊल मागे या. आणि फोडणीचं तेल काचेवर सूक्ष्म थर करतं, त्यावर वाफ अधिक चिकट बसते आणि कोरडं पुसलं की नुसती फासली जाते. स्वयंपाक झाल्यावर चष्मा साबणाने धुवायचा.

रेघ उमटली नाही तर

वाफ असेल तर ती फार तर काही मिनिटांत जाते. गेली नाही तर दोन शक्यता.

एक, काचेचा वरचा थर तडकला आहे. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर चष्मा ठेवला, किंवा कढत पाण्याने धुतला, की प्लास्टिक जास्त फुगतं आणि त्यावरचा अँटिग्लेअरचा कडक थर तेवढा फुगत नाही. त्याला बारीक बारीक तडे जातात. दिव्याखाली तिरका धरला तर कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात. त्याला पुसून, धुवून इलाज नाही, काच बदलावी लागते.

दुसरी शक्यता आमच्या घरात घडली. सासूबाई सहा महिने चष्मा पुसत होत्या. "हा चष्माच खराब आहे, धुकंच जात नाही," म्हणायच्या. दोनदा काचा बदलून झाल्या. एका रविवारी मी त्यांना म्हटलं, "आई, चष्मा काढून तो कॅलेंडरवरचा गणपती बघा. जवळ जाऊन बघा." त्या अगदी हातभर अंतरावर गेल्या आणि म्हणाल्या, "अगं, तरी धूसरच आहे गं." मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. शस्त्रक्रिया झाली, आता त्या विनाचष्म्याच्या टीव्ही बघतात. ते सहा महिने मी काचेकडे बघत राहिले याची अजून हळहळ वाटते.

तेव्हा चष्मा काढूनही धूसर दिसत असेल तर नेत्रतज्ज्ञांकडे जा. दिव्यांभोवती रंगीत वलयं दिसत असतील आणि सोबत डोळा लाल होऊन दुखत असेल, डोकं दुखत असेल, मळमळत असेल, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. डोळ्यातला दाब एकदम वाढल्याची ती खूण असू शकते आणि तिथे तासांचा हिशेब असतो.

नवा चष्मा घेणार असाल तर

काउंटरवर नुसतं "चांगली काच द्या" म्हणू नका. तुम्हाला वाफेचा त्रास कुठे होतो ते सांगा. पाणी झटकणारा थर आणि वाफ न धरणारा थर हे उलट स्वभावाचे आहेत, एक थेंब गोल ठेवतो, दुसरा पसरवतो. वाफ न धरणाऱ्या काचा वेगळ्या मागवाव्या लागतात, आणि काहींना दर काही दिवसांनी ठरावीक कापडाने पुसून ताजं करावं लागतं, ते जमणार आहे का ते आधी विचारा. फ्रेम निवडताना दुकानातल्या एसीत आरशासमोर नुसती बघू नका, ती घालून मोठ्याने हसा, खाली वाका, दुकानाच्या दारातून बाहेर फुटपाथवर येऊन दोन मिनिटं उभे राहा. जुलैत घेत असाल तर काच किती वेळ पांढरी राहते ते तिथेच कळेल. मी गेल्या वेळी चार फ्रेम घेऊन अशी चारदा बाहेर आले. काकांनी दार उघडं धरून ठेवलं होतं.